बिनसुरीची न्याहारी

शिवणकाकूंच्या घरात सुरी नव्हती. मोठी नाही, छोटी नाही, लोणी लावायची बोथटसुद्धा नाही. कात्र्याही गेल्या होत्या. उभा जन्म गल्लीचे कपडे शिवण्यात घालवलेल्या बाईच्या घरात कात्री नसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. मुलानं एका पिशवीत सगळं भरून नेलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून काकूंचा डावा हात अर्धामुर्धाच परत आला होता, बोटांत जोर नव्हता. त्यात एकदा कांदा चिरताना बोट कापलं, टाके पडले. तेवढं निमित्त पुरलं. जाताना त्यानं गॅसही तोडून टाकला.

"आई, डबा रोज येईल. तू फक्त आराम कर," तो म्हणाला होता.

काकू तेव्हा गप्प बसल्या. सून समोर उभी होती, शेजारीण दारात होती. चारचौघांत मुलाला तोडून बोलायचं नाही हा त्यांचा नियम. तो लहान असतानाही त्याला रागवायचं तर त्या आधी दार लावून घ्यायच्या.

आता हा नियम मुलाला पुरता ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यानं रविवारचा घाट घातला होता. त्याचे सासूसासरे चार दिवस राहायला आले होते. त्यांना घेऊन आईकडे यायचं, उशिराची न्याहारी करायची, आणि खाता खाता विषय काढायचा, की आईनं हे घर बंद करावं आणि आमच्याकडच्या मागच्या खोलीत राहायला यावं. व्याह्यांसमोर आई नाही म्हणणार नाही, हे त्याचं गणित. काकूंना हे सुनेनंच फोनवर हळूच सांगितलं. सून वाईट नव्हती. "आई, मनाची तयारी असू दे," एवढंच म्हणाली. काकूंनी तयारी केली, पण सुनेला वाटली ती नव्हे.

शनिवारी मुलाचा फोन आला. "उद्या आम्ही ब्रंच घेऊन येतो. न्याहारी आणि जेवण एकत्रच."

"म्हणजे न्याहारीला उशीर आणि जेवणाची घाई," काकू म्हणाल्या. "काही आणू नकोस. माझ्या घरी येताय, मी खायला घालीन."

"अगं, पण कशानं करणार तू?"

"तोंडानं," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

बोलायला बोलून गेल्या खऱ्या, पण रविवारी सकाळी ओट्यापाशी उभ्या राहिल्या तेव्हा आधी सगळा माल एकदा मोजून घेतला. समोर अंडी, चीजचा ठोकळा, लांब पाव, काकड्या, संत्री, द्राक्षं, अक्रोड, मधाची बाटली. सगळं स्वतः जाऊन आणलेलं, खांद्याला पिशवी अडकवून. आणि कापायला काही नाही, शिजवायला काही नाही.

घरात विजेची किटली तेवढी राहिली होती, चहापुरती. काकूंनी तिच्यात अंडी सोडली. पाणी उकळलं की किटली टक्कन बंद पडायची, काकू पुन्हा बटण दाबायच्या. ती बंद पडे, या दाबत. शेवटी किटलीनंच हात टेकले आणि अंडी उकडली.

अंडं अर्धं करायचं कशानं? दोरा होता. दोरा न्यायचं मुलाला सुचलं नव्हतं, त्याला वाटलं असेल दोऱ्यानं काय होतंय. काकूंनी चांगला पीळदार पांढरा दोरा घेतला, अंड्याभोवती एक वेढा दिला, एक टोक दातात धरलं, दुसरं उजव्या हातात, आणि ओढला. पहिलं अंडं टुणकन उडालं ते थेट मोरीत. त्याला यथेच्छ शिव्या घालून काकूंनी दुसरं घेतलं. या वेळी डावा हात त्यावर नुसता ठेवला. जोर नसला तरी वजन होतंच. अंडं मधोमध सरळ कापलं गेलं. काकू त्या पिवळ्या अर्धुकाकडे बघत राहिल्या आणि एकट्याच हसल्या. मग चीजचीही तीच गत केली. पाव हातानं तोडला. काकड्या ओट्याच्या कडेवर ठेवून मोडल्या. संत्री कोपरानं पोटाशी दाबून सोलली, त्यात अंगावरचा झगा खराब झाला. अक्रोड दाराच्या फटीत फोडले, खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील ते म्हणोत.

मधाच्या बाटलीनं मात्र दावा मांडला. गुडघ्यांत धरली, फडक्यानं धरली, दातओठ खाऊन पिळली. झाकण हलेना. काकू खाली लादीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. एवढंसं झाकण. मुलगा म्हणतो तेच खरं असलं तर? आज झाकण उघडत नाही, उद्या दाराची कडी उघडायची नाही. मग झग्यालाच नाक पुसून उठल्या आणि बाटली बंदच्या बंद नेऊन टेबलावर ठेवली. धडधाकट माणसं येतायत ना चार, ज्याला मध हवा तो उघडेल. प्रत्येक गोष्ट आपणच उघडून दिली पाहिजे असं कुणी सांगितलंय?

ताटल्या भरून एकेकापुढे न्यायच्या तर हात थरथरणार, सांडणार, आणि मुलगा बघणार. म्हणून काकूंनी कापड बेतायची लांब लाकडी फळी धुऊन पुसून टेबलाच्या मध्यावर ठेवली, तिच्यावर कोरा कागद अंथरला आणि जागच्या जागीच मांडायला घेतलं. कापडावर बेतताना आधी पाठ आणि पुढा बसवायचा, बाह्या, कॉलर उरल्या जागेत. तसंच. आधी पाव आणि अंडी, मग चीज, मग फटीफटीत द्राक्षं आणि अक्रोड. कडेला दोन वाट्यांत मऊ लोणी आणि मीठमिरी. ज्यानं त्यानं हात घालावा आणि खावं. मांडून झाल्यावर झगा बदलला.

मंडळी आली. विहीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, केवढं हे. कुठून सुरुवात करायची?"

"तुमच्या बाजूनं," काकू म्हणाल्या आणि सरळ खुर्चीवर बसल्या. व्याह्यांनी बोलता बोलता मधाची बाटली उचलली, फिरवली, उघडली आणि पावावर ओतली. त्यांना काही विशेष वाटलंही नाही.

मुलगा उभाच होता. त्यानं एक अंडं उचलून कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"शेजारच्यांनी करून दिलं?"

"नाही."

"मग आई, सुरी कुठून आणलीस?"

"नाही आणली."

"खोटं बोलू नकोस. तुझ्याच जिवासाठी सांगतोय ना मी," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. दार उघडंच होतं. त्यानं वरचा खण उघडला, चमचे वाजले. मग खालचा. मग कपाट. विहीणबाईंचा घास तोंडातच राहिला. सून खाली मान घालून बसली. काकूंनी हातातला पाव खाली ठेवला. तिसरा खण उघडल्याचा आवाज आला तशा त्या जागेवरूनच बोलल्या, अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"दुसऱ्याच्या घरात खण उघडताना आधी विचारायचं असतं."

आवाज थांबला. मुलगा दारात आला. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"दुसऱ्याच्या? आई, हे आपलं घर आहे."

"आपलं असतं तर सुऱ्या नेताना मला विचारलं असतंस. आता बस आणि जे बोलायला आला आहेस ते बोल. चार माणसं आहेत, बरंच झालं. मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. घर बंद होणार नाही. उद्या गॅस जोडून दे, आणि माझी पिशवी आणून दे, कात्र्यांसकट."

व्याही खाकरले. "तसं यांचं म्हणणं काळजीपोटी—"

"काळजी कळते मला," काकू म्हणाल्या. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सुऱ्या नेल्या म्हणून मी जगायची राहिले नाही."

"दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसलो होतो," मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "तू बघितलं नाहीस स्वतःला. मी बघितलंय. उद्या इथं एकटी पडलीस तर?"

काकू खुर्चीच्या कडेशी सरकल्या. उठावं, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, बरं बाबा येते म्हणावं, इतकं ते सोपं होतं.

"पडेन," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरची जमीन काय मऊ आहे?"

विहीणबाई फस्सकन हसल्या, मग पदराआड खोकल्या, मग त्यांना हसू लपवेनासंच झालं. सुनेनं हळूच खुर्ची मागे ओढून नवऱ्याला बसायची खूण केली. तो बसला. मग सवयीनं, लहानपणापासूनच्या सवयीनं, त्यानं आपली रिकामी ताटली आईपुढे धरली.

काकूंचा उजवा हात आपसूक उचलला गेला होता. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"घे की," त्या म्हणाल्या. "तुला तर दोन्ही हात आहेत."