एक घर अलीकडे

माझी बायको मला सोडून गेली.

तर, आम्ही साल्सा नाचाचा स्टुडिओ शोधत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि बायको. मी लिफ्ट दुरुस्त करतो. ती कान तपासते, म्हणजे लोकांना बंद खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवते आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगते. तिचं म्हणणं, तिच्या आवाजाला बटण न दाबणारा जगात एकच माणूस आहे आणि तो नेमका घरी आहे. आता यात माझी काय चूक? माझा फोन वाजायचा. कुठेतरी कोणीतरी दोन मजल्यांच्या मधे लटकलेलं असायचं. मी भरल्या ताटावरून उठलोय, सिनेमातून उठलोय, सासूबाईंचं ऑपरेशन चालू असताना उठलोय.

तिला दुसऱ्या गावात नोकरी मिळाली होती, फक्त होकार कळवायचा होता. एका सकाळी दात घासता घासता ती म्हणाली, "एक गाणं. अख्खं. माझ्याबरोबर नाचायचं आणि मधे सोडून जायचं नाही. तेवढं जमलं तर नाही म्हणते त्यांना."

"मग घरीच नाचू की."

"घरी तू फ्रीजची घरघर ऐकत बसशील."

खरं होतं. फ्रीजची घरघर मला बरेच दिवस आवडत नव्हती.

पहिला स्टुडिओ टायरच्या दुकानावर होता. आम्ही दोघंही नाचता नाचता खिडकीकडे घसरत होतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! लग्न झालं तरी सुधारला नाहीस." मी दुसऱ्या दिवशी खिशातली उतार मोजायची लेव्हल काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा कोपऱ्यात जाऊन बसला. अंगण खरंच वाकडं होतं. एवढी जुनी म्हण, पण तपासायला कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या स्टुडिओत शिक्षक टीव्हीवर यायचे. नेट अडकलं की सगळा वर्ग एका पायावर. तिसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "आमच्याकडे पार्टनर लागतच नाही, एकट्यानेच करायचं."

"ते येतं मला," बायको म्हणाली आणि जिना उतरली.

चौथा स्टुडिओ योग्य होता. जमीन सपाट, सर जिवंत. अंगाने हडकुळे आणि सतत स्वतःभोवती फिरणारे, म्हणून सगळे त्यांना भोवरा सर म्हणायचे. इमारतीला लिफ्ट होती आणि तिची देखभाल माझ्याकडेच होती. बायको पहिल्यांदाच माझ्या लिफ्टमधून वर आली. "बरी चालते," म्हणाली. आमच्या लग्नातलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

अडचण एकच. साल्साच्या वर्गात जोड्या बदलतात. सगळे गोलात उभे राहतात, सर "चेंज!" ओरडले की पुरुष जागचे हलत नाहीत आणि बायका एक घर पुढे सरकतात. बायको पहिल्याच चेंजला माझ्या हातातून गेली, ती वर्ग संपेपर्यंत गोल पुरा करून आली नाही. शेवटचं गाणं मात्र अख्खं असतं, त्यात बदल नाही. तेव्हा जो समोर असेल, तो तुमचा.

मी घरी येऊन गोल काढला. लिफ्टवाल्याला एवढं जमतं. बायकोला म्हणालो, "तू सुरुवातीला त्या गॅलरीच्या दाराशी उभी राहा. शेवटच्या गाण्याला बरोबर माझ्यासमोर येशील."

"म्हणजे तुझ्याबरोबर नाचायचं म्हणून आधी तुझ्यापासून लांब उभं राहायचं?"

"हो."

"हे आपण घरी करतोच की."

पण त्या संध्याकाळी ती गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिने केस बांधले होते. नोकरीवाल्यांना उद्या कळवायचं होतं.

वर्ग सुरू होणार तेवढ्यात माझा फोन वाजला. मी कट केला. परत वाजला. मग मी आयुष्यात प्रथमच फोन बंद केला. कुठलं बटण किती वेळ दाबायचं हे माहीत नव्हतं, म्हणून जरा वाकून बघावं लागलं. मी वाकलेलो असताना काय झालं ते मला नंतर कळलं. वर्गातल्या चष्मेवाल्या बाई आल्या नव्हत्या, त्यामुळे माझ्या बायकोच्या मागच्या घरातले त्यांचे जोडीदार, एक दंतवैद्य, एकटे पडले होते. आणि ते भोवरा सरांच्या दाढेचं काम करत होते, काम अर्ध्यावर होतं. दंतवैद्यांना नाराज करणं परवडणारं नव्हतं. सरांनी माझ्या बायकोला एक घर अलीकडे, दंतवैद्यांसमोर आणलं. तिची जागा मोकळी राहिली.

चेंज. चेंज. चेंज. बायको जवळ येत होती. मी शर्टला हात पुसत होतो.

शेवटचं गाणं लागलं आणि माझ्यासमोर चष्मेवाल्या बाई आल्या, म्हणजे ज्या आल्याच नव्हत्या त्या, नुसती मोकळी जागा. बायको माझ्या शेजारी, एका आजोबांच्या हातात हात देऊन उभी होती.

"हवेशी नाचा!" सर ओरडले. "ग्रिप सोडू नका!"

मी हवेला धरलं. बायको आजोबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. आणि तिला हसू आलं. शपथ सांगतो, आलं. तिने आजोबांना काहीतरी सांगितलं, आजोबांनी मान डोलावली आणि तिचा हात सोडायला लागले.

तेवढ्यात वॉचमन दारात आला. "ओ लिफ्टवाले! तुमचा फोन का लागत नाही? चष्मेवाल्या बाई कधीच्या अडकल्यात खाली!"

मी बायकोकडे पाहिलं. हवा अजून माझ्या हातात होती.

"जा," ती म्हणाली. "कोणीतरी अडकलंय." आवाजात राग असता तर मी थांबलो असतो.

लिफ्टचं दार उघडलं तर बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. "शेवटचं गाणं झालं का हो?"

"चालू आहे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी वर पोहोचलो तेव्हा सर स्पीकरची वायर गुंडाळत होते. बायको जिन्याने गेली होती, मागच्या. लिफ्ट तर मीच बंद ठेवलेली.

मी अजून त्या वर्गाला जातो. चष्मेवाल्या बाई आता वेळेवर येतात, जिन्याने. मोकळी जागा तरीही एक आहेच, ती फिरत फिरत माझ्यापर्यंत येते. काल मी सरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. तो असा:

मा. संचालक यांस, विषय: अतिरिक्त चेंजबाबत. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराची पत्नी सध्या परगावी असून गोलाच्या हिशेबाने अर्जदारापासून केवळ एक घर अलीकडे आहे. तरी वर्ग समाप्त झाल्याचे जाहीर करण्यापूर्वी, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, आपण आणखी एकदाच "चेंज" असे म्हणावे, ही नम्र विनंती.