लिंपलेली फट

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ही सुपारीएवढी मातीची गोळी समुद्र ओलांडून जालन्याला आलेली आहे, आणि तीही एका ओंडक्याला चिकटून, बिनतिकीट — असं मार्तंडराव मनातल्या मनात म्हणाले आणि चुन्याच्या रिकाम्या डबीतली गोळी त्यांनी अंगठ्यानं पुन्हा उलटी केली. काळपट. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला थापटल्याचे बारीक ठसे, मधोमध रुतलेलं एक बी, मसुरापेक्षा मोठं, हरभऱ्यापेक्षा लहान. ठसे बोटांचे आहेत असं त्यांना सत्तावीस वर्षांपूर्वी वाटलं होतं. बोटांचेच वाटणार… ज्याचं निम्मं आयुष्य फटी बुजवण्यात गेलं त्याला दुसरं काय वाटणार.

आतल्या खोलीत चेन ओढल्याचा आवाज झाला. नात, चिन्मयी, बॅग भरत होती. चारला गाडी येणार होती. संभाजीनगर, तिथून विमान, मग आणखी एक विमान, आणि मग दोन वर्षं ती त्याच मुलखात राहणार होती जिथून ही माती आली. सारावाक, मलेशियातलं. हे नाव मार्तंडरावांनी पहिल्यांदा ओंडक्याच्या तोंडावर वाचलं होतं, घण मारून उठवलेल्या शिक्क्यात, आणि आता ते चिन्मयीच्या कागदांवर होतं.

सकाळी चहा देताना ती म्हणाली होती, “आबा, दुपारी तुमची धनेशाची गोष्ट रेकॉर्ड करते. तिथल्या लोकांना ऐकवायचीय. म्हणावं, मी या कामात का आले ते ऐका.”

म्हणजे चारच्या आत सांगायला हवं होतं. तिथली माणसं त्या पक्ष्याला ओळखतात, जन्मापासून ओळखतात. आजोबाची थाप ऐकून ती तोंडावर हसणार नाहीत, नंतर हसतील, आणि आबाच्या गोष्टीवर अख्खं शिक्षण उभं केलेली पोर त्यांच्यामध्ये एकटी बसलेली असेल. सांगायला हवं होतं. एवढंच, की गोष्टीचा शेवट तसा नाही.

आता थाप मारणं ही काही मार्तंडरावांसाठी नवी गोष्ट नव्हती. जुन्या जालन्याच्या त्या गल्लीत त्यांचं रुपयाचं बोलणं चार आण्यांना घ्यायचं असा रिवाजच होता. एका वर्षी ऊन एवढं पडलं की घरांच्या सावल्या उठून घाणेवाडीच्या तलावावर जाऊन बसल्या. मंठ्याच्या बाजारात एक बोकड स्वतःचा भाव पाडून मागत होता… लोक हसत, मान हलवत, पुढे जात. कोणाचं काही बिघडत नसे. एकच गोष्ट एका पाच वर्षांच्या पोरीनं पूर्ण सोळा आण्यांना घेतली, आणि ती पोर आता आत बॅग भरत होती.

ते उठले. दाराशी गेले. चौकटीला हात लावून उभे राहिले.

“चिनू.”

“काय आबा? जरा यावर बसता का, चेन लागून न्हाई राह्यली.”

ते बॅगेवर बसले. आता. आता म्हणावं, पोरी, ती उडाली नाही. शब्द दातांपर्यंत आले होते, त्यांची चवसुद्धा लागली, सरसाची, जुन्या शिजवलेल्या सरसाची… आणि तोंडातून निघालं, “आमच्या वेळी एवढ्या बॅगेत सगळं वऱ्हाड मावायचं. नवरदेव वरच्या खणात.”

ती हसली. चेन लागली. ते तसेच परत येऊन खाटेवर बसले.

हे असं होतं. खरं बोलायला जीभ उचलली की ती आपली ओळखीची वाट धरते, बाजाराच्या दिवशी सुटलेल्या बैलासारखी. शेजारी, सून, मुलगा, सगळ्यांना याची मजा वाटते. मला नाही वाटत. मी तिला हाका मारत मागून पळतो, आणि ती ऐकत नाही.

लाकडाच्या वखारीत त्यांचं काम मोजणीचं होतं. मलेशियाचा साल यायचा, चौकटींचं टणक लाकूड, जाडजूड ओंडके, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. घेर मोजायचा, लांबी मोजायची, मग हातोडीच्या मागच्या अंगानं ठोकून कान लावायचा — भरीव असेल तर आवाज जागच्या जागी मरतो, पोकळ असेल तर आत फिरून परत येतो. पोकळ निघाला की गिऱ्हाईक तेवढे घनफूट वजा करायला लावणार, म्हणून ते यायच्या आत भोकात भुसा आणि सरस कालवून भरायचं, वर त्याच लाकडाची ढलपी बसवायची, ओला हात फिरवायचा. मार्तंडसारखं लिंपण अख्ख्या बाजारात कोणाचं नव्हतं. हे मात्र खरं, सोळा आणे. आणि दुसरं एक खरं, जे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही: त्यांच्या टेपखालून गेलेले ओंडके एकाला एक लावून ठेवले तर इथून राजूरच्या गणपतीपर्यंत जातील. लोकांना ही थाप वाटेल. त्यांनी एका रात्री बोटांवर हिशेब करून पाहिला होता आणि मग झोप आली नव्हती.

परवा चिन्मयीनं फोनवर नकाशा दाखवला. हिरवं होतं. बोट सरकवलं, पुढचं वर्ष, हिरव्यात एक चरा. पुन्हा बोट, पुन्हा वर्ष… चरे वाढत गेले, एकमेकांना मिळाले, आणि मग पाम तेलाच्या झाडांच्या सरळ ओळी आल्या, आपल्याकडे मोसंबीच्या बागा दिसतात तशा. “थांबव,” ते म्हणाले होते. तिला वाटलं, डोळे दुखले.

“तोडणी आपल्यानं थांबत न्हाई आबा,” ती म्हणाली होती. “पण कोणतं झाड राखायचं ते ठरवता येतं. तोडणारे यायच्या आधी आमची माणसं फिरतात. पोकळ झाड दिसलं की त्याला रंगाचा पट्टा. ते तोडायचं न्हाई. धनेशाला घरटं तिथंच मिळतं, आणि धनेश राह्यला तर बी पसरतं, जंगल आपलं आपण पुन्हा उठतं.”

“पोकळ कसं ओळखता?”

“ठोकून. वर चढून. दुर्बिणीनं.”

ठोकून. लहानपणी याच चौकटीवर बोटाचं पेर वाजवून त्यांनी तिला शिकवलं होतं: ऐक, इथं भरीव, ऐक, इथं… आणि डाव्या बाजूच्या त्या गडद ठिगळापाशी येऊन ते थांबले होते.

त्या ओंडक्याला फट होती. हातभर लांब, दोन बोटं रुंद, आणि कडेनं माती थापलेली, पक्की, सिमेंटसारखी. आऱ्याच्या मशीनवर गयासोद्दीन होता. मार्तंडनं त्याला हाक मारली, “गयासभाई, इकडं येऊन पाहा! तिकडंबी आपलेच भाऊबंद हैत. पोकळ लपवायला लिंपलंय. पण काम कच्चं, फट तशीच सोडली.” दोघं पोट धरून हसले. आणि मग त्यांनी… मी… मी भुसा कालवला, सरस कालवला आणि तिकडच्या माणसाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. ती फट बुजवली. लिंपताना मातीचा एक तुकडा निखळला, तो खिशात टाकला, उगाच.

दुपारी मशीनवर घेतला. पात्याचा आवाज एकाएकी मऊ झाला. भुशात काळी पिसं उडाली, पांढरी उडाली. गयासोद्दीननं मशीन बंद केलं. आत एक हळदीच्या रंगाची चोच होती, वितीपेक्षा मोठी, आणि तिच्या पोटाखाली एक चोच, करंगळीएवढी.

माणसानं लिंपलंच नव्हतं ते. तिनं लिंपलं होतं, आतून. अंडं घातलं की मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून चारा देतो, हे पुढे चिन्मयीनंच तिच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, आणि ते ऐकताना मार्तंडराव म्हणाले होते, “अस्सं?” जंगलातला कोणी नर त्या झाडाच्या जागी चोचीत फळ घेऊन किती दिवस येत राहिला असेल… हे मात्र पुस्तकात नव्हतं.

बोटीवर महिना, बंदरावर महिना. ती केव्हाच गेलेली असणार. असणारच. पण लिंपताना आत काही खसखसलं का? पहिली काही वर्षं त्यांना खात्री होती, नाही खसखसलं. मग पाच वर्षांच्या चिन्मयीनं डबी उघडली, “हे काय आबा?”, आणि त्यांनी सांगायला घेतलं, अगदी खरं सांगायला घेतलं, पण पातं लाकडाला लागलं तिथं पोरीचा श्वास अडकलेला दिसला, डोळे एवढे मोठे, आणि जीभ वळली. ती उडाली, चिनू! पोरीनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून खोट्या गोष्टीनं खऱ्या आठवणीत अंडं घालून ठेवलं. उडाली म्हणजे जिवंत होती. जिवंत होती म्हणजे खसखसलं असणार. खसखसलं असेल तर मी… आता त्यांना तो आवाज रोज ऐकू येतो, आणि तो कधी झाला होता की नाही हे सांगणारं जगात कोणी नाही.

त्याच दिवशी त्या ओंडक्याच्या चौकटी झाल्या. ठिगळाची एक कोणी घेईना. ती मार्तंडराव घरी घेऊन आले.

अडीचला गयासोद्दीन आला. हल्ली रोज येतो, गुडघे धरत, खाटेच्या पायथ्याशी बसतो, चहा पितो, जातो. चिनू पाच वर्षांची होती तेव्हापासून त्यानं ही गोष्ट शंभरदा ऐकली आणि एकदाही तोंड उघडलं नाही. ही मेहरबानी होती की शिक्षा, हे मार्तंडरावांना कधी कळलं नाही.

“बैठो चाचा,” चिन्मयी म्हणाली. “आबांची गोष्ट रेकॉर्ड करून राह्यले.”

“अरे बाप रे. फिर से?” तो म्हणाला, आणि मार्तंडरावांकडे न पाहता हळूच, “जल्दी बोल मार्तंडा. पोरीची गाडी येईल. आणि जे बोलशील ते बराबर बोल.”

तिनं फोन पाटावर उभा केला. लाल ठिपका लागला. ती स्वतः जाऊन चौकटीला टेकून उभी राहिली, लहानपणी उभी राहायची तशी, पाठ ठिगळाला लावून.

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” मार्तंडराव म्हणाले, आणि गोळी मुठीत घट्ट धरली.

आज खरं. ओंडका आला, खरं. शिक्का, खरं. फट, माती, “तिकडंबी आपलेच भाऊबंद”, खरं. भुसा आणि सरस… त्यांनी गयासोद्दीनकडे पाहिलं, तो चहात पाहत होता… “मी ती फट बुजवली,” ते म्हणाले. हे आजवर गोष्टीत नव्हतं. हे निघालं. निघालं! त्यांना वाटलं, आता बाकीचंही निघेल, मागोमाग, आपलं आपण. “मग मशीनवर घेतला. पातं लागलं. आवाज मऊ झाला. आणि आत…”

चौकटीपाशी तिचा श्वास अडकला होता. डोळे तेच. एवढे मोठे.

“…आत ती होती, चिनू, अन् तिनं असे पंख उघडले, वखारीच्या पत्र्यावरून सूं करून वर, ते थेट राजूरला, गणपतीच्या कळसावर घटकाभर टेकली, बाप्पाला एक प्रदक्षिणा —”

“आबा.”

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण बशी वाजावी तसा तो शब्द वाजला.

“आत बसलेली मादी पंखांची पिसं गाळून टाकते. सगळी. पिल्लू मोठं होईस्तोवर तिला उडताच येत न्हाई.”

गयासोद्दीननं कप खाली ठेवला. फोनवरचे आकडे पुढे जात राहिले. हे तिला केव्हापासून माहीत असेल… पहिल्या पुस्तकापासून? मग इतकी वर्षं टाळ्या कोण वाजवत होतं? मार्तंडरावांनी पुढचं वाक्य शोधलं, पुढचं वाक्य नेहमी असतंच, जन्मभर असत आलं होतं, आणि जीभ तोंडात नुसती पडून राहिली, पहिल्यांदाच कुठेही न जाता. मूठ घामेजली होती. आत माती मऊ पडायला लागली होती, आणि बोटांच्या फटीतून एक वास येत होता, ओला, सडलेल्या पानांचा, त्यांनी कधीही न पाहिलेल्या जंगलाचा.