बेरीज आठ

"दोन्हींची बेरीज आठच येते, बाई. हवं तर तुम्हीच करून बघा," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. दोन काचपट्ट्या आणि माझं रजिस्टर त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत कारकून आहे. गाठीचा तुकडा तपासून झाला की काचपट्टीवरचा नऊ आकडी नंबर रजिस्टरात शोधायचा आणि त्या नावाने रिपोर्ट पाठवायचा, हे माझं काम. एवढे लांबलचक नंबर कोण वाचत बसणार? मी आकड्यांची बेरीज करत जातो, एकच आकडा उरेपर्यंत. इकडे आठ, तिकडे आठ, की जुळलं! सगळे मला बेरीजकाका म्हणतात. बायकोचं वयही मी एका आकड्यावर आणून ठेवतो, अशी थट्टा करतात. खरं सांगायचं तर मला ती आवडायची.

"काका, बेरीज सोडा. शेवटचे दोन आकडे वाचा."

एक ७०४५१८१४५. दुसरी ७०४५१८१५४.

मी पुन्हा वाचलं आणि तोंडचं पाणीच पळालं. पंचेचाळीसचा रिपोर्ट चोपन्नच्या नावावर गेला होता आणि चोपन्नचा पंचेचाळीसच्या.

"आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या बेरजेला तो दिसतच नाही. अकराने भागलं असतं तर एकीकडे एक उरला असता, दुसरीकडे दहा."

"म्हणजे आजवर..."

"आजवरचं नंतर बघू. चोपन्नच्या बाईंना आपण गाठ साधी आहे म्हणून कळवलंय. ती साधी नाही. चार दिवस गेलेत, उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. मी फोन करते."

"नको. चूक माझी आहे," मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण फोन लगेच उचलला नाही. कपाटात एकतीस रजिस्टरं उभी होती. त्यांच्याकडे बघायचीही मला भीती वाटत होती. कितीजणी घरी गेल्या असतील निर्धास्त!

चोपन्नच्या बाईंनी तिसऱ्या घंटीला फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी हसणं. प्रयोगशाळेतला कारकून काका बोलतोय, असं मी सांगितलं.

"बोला ना काका!"

"ताई, तुमची पावती जवळ आहे का? नंबर सांगतो." मी एकेक आकडा सांगत गेलो. "...एक, पाच, चार."

"बरोबर. पण रिपोर्टवर चार, पाच आहे. मी पाहिलं होतं. म्हटलं, तुमच्यात तसंच लिहीत असतील."

"तसं नसतं, ताई. तो रिपोर्ट तुमचा नाही. माझ्या हातून अदलाबदल झाली. तुम्ही आजच या. घरातलं कुणीतरी बरोबर आणा."

मागचं हसणं चालूच होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे जिचा हा रिपोर्ट आहे, ती बरी आहे?" तिने विचारलं.

"हो."

"तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आधी तिला सांगा, काका. चार दिवस बिचारीने कसे काढले असतील. मी येते आवरून."

तिने फोन ठेवला. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि पंचेचाळीसचा नंबर, बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्याने वाचू लागलो.