चुकून उपटलेला शेरळ

मी शेरळ बोलतोय. करमाडच्या पुढे, ओढ्याच्या डोहाकाठी गुडघाभर चिखलात उभा असतो, तोच. तुम्ही मला तण म्हणता. खुशाल म्हणा, पण कुठलं तण ते तरी बघा! ते न बघितल्यामुळे आमच्या काठावर एक माणूस मेला आणि तो राग अजून माझ्या मुळांत आहे.

या चिखलात आम्ही दोघे चुलतभाऊ वाढतो. पान तसंच लांबट, फुलोराही गुलाबीच. फरक आहे तो कांड्याच्या गाठीवर. पान फुटतं तिथे गाठीभोवती पातळ पापुद्र्याची बाही असते. माझ्या बाहीची कड गुळगुळीत, त्याच्या बाहीला बारीक केसांची झालर. आणि तो जहाल तिखट. पान चावलं की जीभ पोळते. मी आपला बेचव.

त्याच्या तिखटपणावर गावाची चंगळ चाले. उन्हाळ्यात डोह आटत आला की तिखट शेरळ उपटायचा, खडकावर ठेचायचा आणि पाण्यात कालवायचा. मासे झिंगून उलटे तरंगत, मग पाट्या भरायच्या. झालर बघत बसायला कुणाला सवड? त्यापेक्षा उपटणाऱ्याने प्रत्येक झाडाचं पान दाताखाली धरायचं, जीभ पोळली तर घ्यायचं, नाही तर सोडायचं, अशी रीत होती.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डोहालगतची जमीन काकासाहेबांची. त्यांच्याकडे लेकीच्या सासरची मंडळी आली होती आणि त्यांना डोहातले मासे खिलवायचा शब्द काकासाहेबांनी देऊन ठेवला होता. उपटायचं काम त्यांचा गडी कडूबा याच्याकडे. अंगाने रेड्यासारखा, पण मालकापुढे चळाचळा कापायचा. त्या सकाळी त्याच्या गालात तंबाखूचा बार होता. चुना जास्त झाला होता आणि तोंड आतून चुरचुरत होतं. त्याला माझंही पान तिखटच लागलं.

त्याने मला झिंज्या धरून ओढावं तसं ओढलं. अर्धं अंग हाती आलं, अर्धं चिखलात राहिलं. खडकावर धोंड्याने माझी कांडी फुटली, पानांचा चेंदामेंदा झाला. हे सगळं मी चिखलातल्या अर्ध्या अंगाने बघत होतो. बघण्यावाचून दुसरं करणार काय?

लगदा पाण्यात गेला. सगळे वाट बघत बसले. एक मासा उलटला नाही. उलट मासे वर येऊन मजेत पोहू लागले. पाहुण्यांपैकी एक जण फिदीफिदी हसला.

"कडूबा, काय आणलंस रं?" काकासाहेब गरजले.

कडूबाने तोंड खळखळून धुतलं, खडकावर उरलेला लगदा जिभेवर ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं. मी शपथेवर सांगतो, त्याला कळलं होतं!

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाने सोनाजी मेंढरं पाजून परत निघाला होता. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"मालक, ह्यानंच मंतर घालून डोह बांधला!" कडूबा ओरडला. "सकाळच्याला पाण्यापाशी काय तरी पुटपुटत व्हता. म्या बघितलंय."

"नाय मालक, मेंढरांला हाळी देत व्हतो—"

पुढचं त्याला बोलू दिलं नाही. पहिली काठी कडूबाने घातली, ती खांद्यावर. मग काठावरचे सगळेच तुटून पडले. सोनाजी माझ्यावर कोसळला, माझी उरलेली कांडी त्याच्या पाठीखाली मोडली. "मंत्र सोड, डोह सोड," असं म्हणत ते मारत राहिले. जो मंत्र घातलाच नाही तो सोडणार कसा? बाकीचे दमले, थांबले. कडूबा थांबेना. हा माणूस उठून बोलला तर आपली चूक उघडी पडेल, या भीतीने तो डोक्यात घालत होता.

सोनाजीची बायको कस्तुराबाई धावत आली. तिने कडूबाला ढकललं, खडकावरचा लगदा मूठभर घेऊन तोंडात कोंबला, चावला आणि त्याच्या पायावर थुंकली.

"बेचव शेरळ हाय ह्यो! ह्यानं मासं मरत्यात व्हय रं? हे झाड वळखाया आलं नाय म्हून माझा माणूस मारला?"

बैलगाडी जुंपली, शहराच्या दवाखान्याकडे निघाली. सोनाजी चिकलठाण्याच्या अलीकडेच गेला.

कडूबा हर्सूलच्या तुरुंगात गेला. काकासाहेब? ते साक्षीदार म्हणून उभे राहिले. माणसांचा न्याय मला कळत नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई विळा घेऊन आली. वाटलं, ही जाणती बाई, तिखट तेवढा कापील. तिने खसाखस सुरुवात केली. मी, तो, गुळगुळीत, झालरवाला, सगळे आडवे. सोबत आलेली जाऊ पुतळाबाई म्हणाली, "अगं, ह्यो तर साधा हाय. बघ की गाठीला."

"मला आता कुणाला वळखायचं नाय," कस्तुराबाई म्हणाली आणि कापत राहिली.

चिखलात राहिलेल्या गाठींतून आम्ही दोघेही पुन्हा फुटलो. आमची जातच चिवट. कस्तुराबाई दर साली येते, आता पाठीत वाकली आहे. तुम्हाला हात जोडून सांगतो, काठी उचलण्याआधी नीट बघा. तिला मात्र मी काही सांगत नाही. बाई, तू ये. मला कापताना तुझा विळा हुकतो, तेव्हा मीच जरा वाकून विळ्याखाली येतो.