चाटायची वीट

सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना पोशेऱ्याच्या पाड्यावर रंगूची गाय गोठ्यात कोसळली. आठ महिन्यांची गाभण. तोंडाला फेस आला होता, कान थरथरत होते आणि डावी कूस टम्म फुगली होती.

रंगूच्या नवऱ्याने, रघूने, फोन केला. जनावरांच्या दवाखान्यातला उमेश मोटारसायकलवर साडेसातला पोचला.

"काकी, सकाळी काय दिलंत?"

"पेज. त्यात तुमची वीट कालवली."

उमेशने मान वर करून पाहिलं. "किती?"

"अर्धी."

गेल्या वर्षापासून गाय रानात हाडं चघळायची. रघूची एक चप्पल तिने खाल्ली, दुसरी त्याने छपरात खोचून ठेवली. अंगात खनिजं कमी पडलीत म्हणून उमेशनेच ती वीट दिली होती. मीठ, उसाची मळी, खनिजं आणि थोडा युरिया. टांगून ठेवा, चाटू द्या, असं सांगितलं होतं. आठ दिवस वीट टांगलेली राहिली. गाय हुंगायची आणि तोंड फिरवायची. घरात नातीला अंगणवाडीतलं पौष्टिक पिठाचं पाकीट पाण्यात कालवूनच पाजत. त्यावर तिचं वजन वाढलं होतं. काल संध्याकाळी रंगूने अर्धी वीट फोडून भिजत घातली.

"चाटून दिवसभरात थोडा थोडा युरिया जातो," उमेश म्हणाला. "कालवून पाजलात, सगळा एकदम गेला. त्याचं विष झालं."

"नात तर अशीच सुधारली," रंगू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"रघूकाका, व्हिनेगर आणा. मिळेल तेवढं. आंबटाने युरियाचं विष उतरतं."

"ते कुठं मिळंल?"

"मोखाड्याच्या नाक्यावर, चायनीजच्या गाडीवर. गाडीवाला तुषार घरी झोपला असेल, त्याला उठवा. माझी गाडी घ्या."

"गायीला चायनीज?"

"तिचं झालं की तुम्हालाही देतो. निघा."

रघू परतेपर्यंत उमेश नळीने गार पाणी पाजत राहिला. रंगूने शिंगं धरून ठेवली. मग व्हिनेगरच्या सात बाटल्या पोटात गेल्या. गोठ्याला नाक्यावरच्या गाडीसारखा वास येऊ लागला. दहाच्या सुमारास फुगा थोडा उतरला.

"वाचंल?"

"आत्ता सांगता येत नाही."

"आणि पोटातलं?"

उमेशने रंगूचा हात उचलून गायीच्या उजव्या कुशीवर टेकवला. "इथंच राहू द्या. हललं तर कळवा." त्याला खोडाळ्यावरून दोन फोन येऊन गेले होते. तो निघाला.

उरलेली अर्धी वीट रघूने चुलीमागे नेऊन ठेवली. रंगूने जेवायला नको म्हटलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी गायीचे कान थरथरायचे थांबले. श्वास चालू होता. रंगूचा हात कुशीवरच होता. तोवर आत काही हललं नव्हतं.