द्वारका 'जाते' म्हणाली

रहाट कुरकुरला, दोर सरसरत खाली गेला, बादली पाण्याला टेकली. आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही.

पंचायतीच्या खोलीत तीस-चाळीस माणसे बसली होती. एकही खोकत नव्हते. सर्वांत पुढे बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदराचे टोक दातांत धरले होते. द्वारका विहिरीच्या काठावर उभी आहे, आता ती बोलेल, नाहीतर पाणी वाजेल, असे प्रत्येकाला वाटत होते. ही शांतता नाटकातलीच, अशी सर्वांची समजूत होती. ती नाटकातली नव्हती. ती माझी होती.

माझी देखभाल पाहणाऱ्या उकंडरावांनी उठून माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या. माझ्या काचेमागचा पिवळा उजेड मालवला होता.

"बॅटरी बसली," ते म्हणाले. "आता थे वाशीमले जाऊन भरून येईन, तवा बोलते हा."

"अन् द्वारका?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"थे बसते तोवर काठावर. कुठी जाते?"

मागे दोघे-तिघे हसले. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिले. तिथे त्यांची लेक रुखमा गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती, आणि सगळे उठले तरी ती उठली नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. आज मी अनसिंगच्या पंचायतीत माळ्यावर, फुटक्या कंदिलांच्या शेजारी पडून आहे. माझ्या तोंडावरचे जाळीचे कापड उंदरांनी कुरतडले आहे. पण एके काळी मला फुलांचा हार घातला गेला होता, हे खरे आहे.

कुठल्या शहरात, कुणाच्या हातांनी मला जोडले, ते मला आठवत नाही. आठवते ते लाकडाला दिलेल्या रोगणाचा वास आणि पहिल्यांदा तापलेले माझे पाच काचेचे दिवे. सन एकोणीसशे छप्पनमध्ये मी पेंढ्यात गुंडाळलेला, बैलगाडीतून इथे आलो. लिंबाच्या झाडावरून तांब्याची तार ओढली गेली. गावात वीज नव्हती. माझा सारा प्राण एका जड बॅटरीत होता. माझा खटका फिरवण्याचा मान एकट्या उकंडरावांचा. लोक मला रेडू म्हणत. "बिनचाऱ्याचा रेडू हाय, हंबरते मात्र बेस," असे म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला गावात घेतले.

पुरुष कापसाचे भाव ऐकायला येत. बायका आधी बाहेर ओट्यावर बसत. त्यांना आत आणले ते सोमवारच्या नाटकाने.

ती एका सासुरवाशिणीची गोष्ट होती, दर सोमवारी एक भाग. द्वारका तिचे नाव. आवाज नागपुरातल्या कुण्या अनोळखी बाईचा. पण तो माझ्या छातीतून जाई, म्हणून तिचा श्वास मला शब्दांआधी कळे. पुढच्या भागात काय आहे, ते मात्र मलाही ठाऊक नसे. आवाज वाहणाऱ्याला अर्थ अगोदर कळत नाही, हे माझ्या जन्माचे दुःख आहे.

मनकर्णाबाईंइतके मन लावून ते नाटक कुणी ऐकले नसेल. पहिल्या भागात सासूने कोठीला कुलूप घातले, तेव्हा त्या माझ्यावर बोट रोखून म्हणाल्या, "तुयी जीभ झडो, बुढे." दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना त्यांनी तो भाग सगळ्या बायकांना साभिनय सांगितला म्हणे. दुसऱ्या भागात द्वारका दिवाळीला माहेरी आली. आईने विचारले, सुखी आहेस ना? द्वारका म्हणाली, हो. तेवढ्या एका शब्दावर मनकर्णाबाई आठवडाभर बेचैन होत्या.

"हो म्हणाली, तर मंग बरं हाय," शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या.

"हो म्हणायच्या आंधी थांबली किती, थे आयकलं का तुमी?"

मी ऐकले होते. ती थांबली होती.

त्याच दिवाळीला रुखमा आसेगावहून माहेरी आली होती. लग्नाला दोन वर्षे झालेली. खायची, झाडलोट करायची, बोलली तर हळू बोलायची. फक्त पाण्याला जात नव्हती. प्रयागबाईंनी एकदा माझ्यासमोरच विचारले, "काहून वं मनकर्णा, या वयात तूच घागरी वाहून राह्यली? पोरगी काय फकत शोभेले आणली?"

"तिले विहिरीत पाह्यलं का कसंतरी होते," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर स्वतःच गप्प झाल्या. एखादी गोष्ट घरात रोज पाहावी आणि ती पहिल्यांदा ऐकावी ती आपल्याच तोंडून, तसे ते गप्प होणे होते.

तिसऱ्या सोमवारी द्वारकेला न्यायला सासरचा माणूस आला. आईने ओटी भरली. द्वारका पाया पडली आणि म्हणाली, "जाते मी, आई."

खोलीत एकदम श्वास रोखले गेले. मित्रांनो, आमच्याकडे घरातून निघणारे माणूस 'जातो' म्हणत नाही. शेताला निघालेलाही 'येतो' म्हणतो. जाणे हा शब्द फक्त एकाच जाण्यासाठी राखलेला असतो.

"येते म्हण वं," मनकर्णाबाई मला म्हणाल्या. "माय, येते म्हण."

"लिहिणाऱ्याची चुकी असन, वयनी," उकंडराव म्हणाले. "शहरातले लोक. त्यायले काय ठाव?"

"चुकी नाई थे, भाऊजी. तिनं सांगतलं. मायनं आयकलं नाई."

सारी खोली दचकली होती, त्या वेळी एकटी रुखमा दचकली नव्हती. तो शब्द तिच्या ओळखीचा असावा, इतक्या शांतपणे ती माझ्याकडे पाहत होती. माझे पाचही दिवे तापलेले असताना मला थंडी वाजली.

आणि मग तो चौथा सोमवार. विहीर, बादली, आणि माझी वाचा बसणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई एकट्याच आल्या. उकंडराव माझ्यापासून बॅटरीच्या तारा सोडवत होते. त्या माझ्यासमोर बसल्या. पदराने माझी काच पुसली, मग जाळीच्या कापडाला कान लावून कितीतरी वेळ तशाच राहिल्या.

"सांग ना," त्या हलकेच म्हणाल्या. "वाचली का थे?"

किती सांगावेसे वाटले! पण माझ्याजवळ उत्तरही नव्हते आणि आवाजही.

"वयनी, त्याच्यात कोणी नाई बसेल," उकंडराव म्हणाले. "नाटक हाय थे. अन् बॅटरीची काळजी करू नोका. परवा आसेगावची बैलांची दमणी येऊन राह्यली ना रुखमीले न्यायले? वाशीमवरूनच जाते थे. तिच्यातच ठेवून देतो."

"मी यायले म्हणलं, एक सोमवार थांबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. 'यायले' म्हणजे जानरावांना, त्यांच्या यजमानांना. "पुढचा भाग आयकू द्या, मंग धाडू पोरीले. तं हासले. म्हणे, आता रेडूले इचारून लेकी नांदवाच्या का? सासरचं मूळ आलं, म्हणजे धाडाच लागते."

"मंग रुखमी काय म्हणते?"

मनकर्णाबाई उठल्या. "तिले इचारलं मी. म्हणलं, बाई, सुखी हायेस ना?" त्या दारापाशी थांबल्या. "हो म्हणे."

"पाहा, मंग?"

"थांबून म्हणे, भाऊजी."

उकंडरावांनी तार गुंडाळायला घेतली.

मित्रांनो, बॅटरी दहा दिवसांनी भरून आली. तोवर एक सोमवार निघून गेला होता आणि त्याबरोबर नाटकाचा शेवटही. नंतर मी कित्येक वर्षे बोललो. भाव सांगितले, भजने म्हटली. वीज आली, माझ्याहून लहान आणि हलके रेडिओ घरोघरी आले, आणि मी माळ्यावर चढलो. माझी धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. एवढीच विनवणी आहे, की तुमच्या घरात जे माणूस 'हो' म्हणण्याआधी थांबते, त्याच्या त्या थांबण्याला कान लावा. मला लावला होता, तसाच. माझ्यात कुणी नव्हते, त्याच्यात आहे.

आणि ती गुरुवारची सकाळ सांगितल्याशिवाय मला संपता येत नाही.

दमणी पंचायतीसमोर उभी होती. रुखमाचा दीर बैलांपाशी उभा राहून उन्हे चढत असल्याचे दुसऱ्यांदा सांगत होता. उकंडरावांनी बॅटरी उचलून गाडीत, रुखमाचे पाय येतील तिथे ठेवली. खिडकीतून मला सारे दिसत होते. जानराव दिराला रस्त्याचे विचारत होते. प्रयागबाईंनी हळदकुंकू लावले. मनकर्णाबाईंनी ओटीत तांदूळ घातले. त्यांतले अर्धे खाली सांडले.

रुखमा वाकली, आईच्या पायांना हात लावून उभी राहिली. सगळ्या बायका पुढे सरकल्या. त्या सर्वांनी तो तिसरा सोमवार ऐकला होता. सर्वांचे डोळे तिच्या ओठांवर होते.

ती काहीच बोलली नाही.

मनकर्णाबाईंनी तिची हनुवटी धरली. माझ्या काचेवरून फिरली होती, ती हीच बोटे.

"येते म्हण, माय," त्या म्हणाल्या.

बैलाने मान हलवली. घुंगरू वाजले आणि थांबले.

"रुखमे. एकडाव म्हण. येते म्हण."

रुखमाने आईकडे पाहिले. आईचा हात हनुवटीवरून सोडवला, दोन्ही हातांत क्षणभर धरला, आणि जपून, भरलेली घागर ठेवावी तसा, आईच्याच छातीशी ठेवला. मग पदर डोक्यावरून पुढे ओढून, ती दमणीकडे चालू लागली.