रविवारचा पुलाव

आमच्या चिंचपोकळीच्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर बघायला येऊ नका. तिथली झुरळं एवढी दांडगी, की परवा दोघांनी मिळून टोपाचं झाकण उचललं, वास घेतला आणि नाक मुरडून परत लावलं. मॅनेजर दीपकला सांगितलं, तर म्हणतो, "कांताआजी, तुमच्या गोष्टी भारी असतात." मोरीतलं फडकंच ताटांना फिरवतात, हे खरं सांगितलं तरी तेच म्हणतो.

इथे लोक आपल्या वाढदिवसाला म्हाताऱ्यांना जेवण घालतात. फोटो काढतात नि जातात. उरलेलं दीपक तसंच झाकून ठेवतो आणि पुढच्या वाढदिवसवाल्याच्या नावावर गरम करून वाढतो. फ्रिज आहे, पण बंद. त्यात झाडू असतो.

असलंच खाऊन शेजारच्या खाटेवरची गंगुबाई मागच्या आठवड्यात शीवच्या इस्पितळात सलाईनवर होती. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पोट बिघडलं तर ही हाती लागायची नाही.

मंगळवारी प्रितीमॅडम आल्या, वाढदिवसवाल्या. ताटात बघते तर रविवारचाच पुलाव. बोट लावलं तर तार आली. गंगुबाईला धड दिसत नाही, तिने घास उचलला. मी मनगट धरलं.

"सोड गो, भूक लागलीय."

"थांब जरा. आधी बर्थडेवाली."

मॅडमना म्हटलं, "आमच्या कोकणात वाढदिवसाला म्हातारीच्या ताटातला पहिला घास खातात. माझ्या चुलतसासऱ्यांनी खाल्ला, तर एकशेदहाव्या वर्षी दुसरं लग्न केलं."

कोकणात असलं काही नाही.

"सो स्वीट," मॅडम म्हणाल्या. मोबाईल मैत्रिणीकडे दिला, केस सारखे केले आणि तोंड उघडलं. मी घास पुढे नेला.

दीपक धावत आला, माझा हातच धरला. "मॅडम, ते नको. तुमच्यासाठी वेगळं काढलंय."

"वेगळं का रे?" मी विचारलं.

"ते आज सकाळी केलंय."

"मग हे कधीचं?" मॅडमनी विचारलं.

मॅडमनी हाताला सॅनिटायझर चोळला. हात लावलाच नव्हता कशाला, तरी चोळला. पुढच्या वर्षी कुत्र्यांना घालीन म्हणाल्या आणि गेल्या.

घाला बाई. कुत्रं हुंगून तरी खातं.

सगळ्यांची ताटं मी दीपककडूनच उचलून घेतली. मॅडमसाठी काढलेला वरणभात गंगुबाईपुढे ठेवला. वाफ येत होती. दीपक उभाच.

"बघतोस काय? बाकीच्यांसाठी ताजा भात शिजायला टाक. आणि हिला पाणी आण, उकळून."